अपघातानंतर आयसीयूमध्ये ट्रॅकिओस्टॉमी : सही करण्यापूर्वी आणि घरी आणल्यावर

"डॉक्टरसाहेब, गळ्याला होल पाडायचं म्हणायलेत. सही करू का नको?"

असा फोन मला वर्षातून दोन-चार वेळा तरी येतो. पाचोड हे धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरचे गाव, छत्रपती संभाजीनगर आणि बीडच्या मधले. ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, मोसंबीच्या गाड्या आणि हेल्मेट न घातलेले मोटारसायकलवाले एकाच रस्त्यावर. अपघात झाला की इथे प्रथमोपचार होतात आणि रुग्ण १०८ च्या गाडीतून संभाजीनगरला जातो, घाटीत किंवा एखाद्या खासगी रुग्णालयात. आठ-दहा दिवसांनी तिथल्या आयसीयूच्या बाहेरून हा फोन येतो.

मी स्वतः ही शस्त्रक्रिया करत नाही. मी गावात प्रॅक्टिस करणारा एमबीबीएस डॉक्टर आहे. पण सही करण्यापूर्वी घरचे मला विचारतात आणि महिन्याभराने गळ्यात नळी असलेला तोच रुग्ण माझ्याकडे तपासणीला येतो. म्हणून या लेखात दोन्ही टप्प्यांबद्दल सांगतो.

थोडक्यात उत्तर

योग्य वेळी, अनुभवी हातांनी केलेली ट्रॅकिओस्टॉमी ही बऱ्यापैकी सुरक्षित शस्त्रक्रिया आहे. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या अर्ध्या तासापेक्षा नंतरच्या दिवसांत, नळीच्या देखभालीत जास्त धोका असतो. सही करताना जेवढे घाबरता, तेवढीच काळजी नळी बसल्यानंतर घ्या.

ट्रॅकिओस्टॉमी म्हणजे नेमके काय?

गळ्यावरच्या कंठमण्यावर बोट ठेवा आणि हळूहळू खाली या. एक कडक कडे लागेल. त्याच्या खाली, छातीच्या हाडाच्या खाचेपर्यंत, श्वासनलिका कातडीच्या अगदी जवळ असते. तिच्या वरच्या दोन-तीन कड्यांच्या जागी छोटे छिद्र करून त्यातून एक वाकडी नळी आत बसवतात. हवा नाक-तोंडातून न जाता थेट या नळीतून फुप्फुसात जाते. नळी स्वरयंत्राच्या खाली असते, त्यामुळे स्वरयंत्र कापले जात नाही.

आयसीयूतल्या नळीच्या खालच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. तो फुगवला की हवा बाजूने निसटत नाही आणि तोंडातली लाळ सहजासहजी फुप्फुसात उतरत नाही. डॉक्टर या फुग्याला 'कफ' म्हणतात. छातीतल्या कफाशी त्याचा संबंध नाही; गोंधळ नको म्हणून मी इथे फुगाच म्हणेन.

तोंडातून नळी आहेच, मग गळ्यातून कशाला?

डोक्याला, छातीला किंवा मणक्याला मार लागलेल्या रुग्णाला सुरुवातीला तोंडातून नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवतात. काही दिवसांसाठी ही सोय उत्तम आहे. पण ती नळी ओठ, जीभ, स्वरयंत्र यांवर घासत राहते. रुग्णाला ती सहन होत नाही, म्हणून गुंगीची औषधे चालू ठेवावी लागतात. औषधे चालू असली की रुग्ण किती शुद्धीवर आला ते कळत नाही आणि व्हेंटिलेटर सुटायला उशीर होतो.

गळ्यातली नळी छोटी आणि स्थिर असते. गुंगीचे औषध कमी करता येते, तोंड स्वच्छ ठेवता येते, छातीतला कफ सहज ओढून काढता येतो, रुग्णाला बसवता येते. डोक्याला जबर मार लागलेल्या काही रुग्णांचा श्वास नीट चालतो, पण खोकून कफ बाहेर टाकण्याइतकी शुद्ध नसते. त्यांना व्हेंटिलेटरची गरज संपली तरी ही नळी लागते.

एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. ट्रॅकिओस्टॉमीने मेंदूची इजा बरी होत नाही. मेंदूला सावरायला वेळ लागतो आणि तेवढा काळ श्वासाची वाट सुरक्षित ठेवणे एवढेच तिचे काम. म्हणूनच "होल पाडलं म्हणजे आता माणूस संपला" हा समज चुकीचा आहे आणि "होल पाडलं की शुद्धीवर येईल" हाही.

आजचा आयसीयू ट्रॅकिओस्टॉमीतूनच जन्मला असे म्हटले तर फारसे चूक नाही. १९५२ मध्ये डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू निकामी होऊन रुग्ण दगावत होते. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका १२ वर्षांच्या मुलीला ट्रॅकिओस्टॉमी करायला लावली आणि त्या नळीला पिशवी जोडून हाताने श्वास दिला. ती मुलगी वाचली. मग सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रुग्णांच्या नळ्यांना जोडलेल्या पिशव्या रात्रंदिवस दाबल्या आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

कधी करावी? लवकर की थांबून?

"शेजारच्या बेडवरच्या पेशंटची चौथ्या दिवशी केली, आमची दहाव्या दिवशी का?" हा प्रश्न नेहमी येतो.

ब्रिटनमध्ये 'ट्रॅकमॅन' नावाचा मोठा अभ्यास झाला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आयसीयूतल्या ९०९ रुग्णांचे दोन गट केले. एका गटात पहिल्या ४ दिवसांत ट्रॅकिओस्टॉमी, दुसऱ्यात १० दिवसांनंतर गरज असेल तरच. ३० दिवसांतल्या मृत्यूंचे प्रमाण पहिल्या गटात ३०.८ टक्के, दुसऱ्यात ३१.५ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. विशेष म्हणजे थांबलेल्या गटात जेमतेम ४५ टक्के रुग्णांनाच शेवटी ट्रॅकिओस्टॉमी करावी लागली. बाकीच्यांची नळी त्याआधीच निघाली किंवा ते दगावले.

हे सगळे रुग्ण अपघाताचे नव्हते. डोक्याच्या गंभीर इजेबाबत अमेरिकेतल्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की लवकर ट्रॅकिओस्टॉमी केल्यास व्हेंटिलेटरवरचे दिवस कमी होऊ शकतात. मात्र मृत्यू किंवा न्यूमोनिया कमी होतो असा पुरावा नाही.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा : चार दिवस थांबल्याने रुग्णाचे नुकसान झाले असे मानू नका आणि लवकर सुचवली म्हणून डॉक्टरांवर संशयही घेऊ नका. पुढचे दोन आठवडे तरी रुग्ण स्वतःचा श्वास सांभाळू शकणार नाही असे दिसत असेल, तर लवकर करणे योग्यच असते.

कोणत्या पद्धतीने करतात?

* शस्त्रक्रियेने : ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा आयसीयूत गळ्याला छेद देऊन, श्वासनलिका डोळ्यांनी पाहून नळी बसवतात. बहुतेक वेळा कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा सर्जन हे करतात.
* सुईच्या मार्गाने : सुईने श्वासनलिकेत तार घालून, तारेवरून छिद्र हळूहळू रुंद करत नळी सरकवतात. आज रूढ असलेली ही पद्धत पास्क्वाले चाग्लिया या अमेरिकी सर्जनने १९८५ मध्ये मांडली. ती बेडवरच करता येते, त्यामुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला थिएटरपर्यंत हलवण्याचा धोका टळतो.

दोन्ही पद्धतींची तुलना झाली आहे. सुईच्या पद्धतीत जखमेला जंतुसंसर्ग कमी होतो आणि व्रणही छोटा राहतो. मृत्यूच्या बाबतीत ठळक फरक दिसलेला नाही. जाड किंवा आखूड मान, गळ्यावर सूज, मानेच्या रचनेतला बदल असे काही असेल तर उघडी शस्त्रक्रियाच निवडतात.

अपघाताच्या रुग्णात वेगळी काळजी कोणती?

* मान : या शस्त्रक्रियेत एरवी खांद्याखाली उशी देऊन मान मागे करतात. मानेच्या मणक्याला इजा असेल तर तसे करता येत नाही. मान सरळ, स्थिर ठेवूनच काम करावे लागते. मणक्याचे ऑपरेशन गळ्याच्या पुढच्या बाजूने झाले असेल तर ती जखम जवळच असते, म्हणून वेळ सर्जनशी बोलून ठरवतात.
* डोके : शस्त्रक्रियेदरम्यान रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला तर मेंदूवरचा दाबही वाढतो. दाब आधीच जास्त असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत थांबतात.
* रक्त : मोठ्या रक्तस्रावानंतर रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. प्लेटलेट्स आणि गोठण्याच्या तपासण्या आधी पाहतात, गरज असेल तर सुधारतात.
* छाती : बरगड्या मोडून फुप्फुस चेपले असेल आणि ऑक्सिजन खूप जास्त लागत असेल, तर थोडा वेळही व्हेंटिलेटर सोडवणे जड जाते. अशा वेळी एक-दोन दिवस थांबणे शहाणपणाचे.
* जबडा आणि चेहरा : इथे उलटे असते. चेहऱ्याची हाडे मोडली असतील आणि तोंडातून नळी जाणेच शक्य नसेल, तर गळ्याची वाट लवकर उघडावी लागते.

म्हणजे "आज नको, परवा करू" असे डॉक्टर म्हणाले तर बहुतेक वेळा तो हलगर्जीपणा नसतो.

धोके किती आणि कोणते?

सुईच्या पद्धतीवरच्या प्रसिद्ध अभ्यासांचा २०१३ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. त्यात या प्रक्रियेमुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ०.१७ टक्के निघाले, म्हणजे साधारण ६०० रुग्णांमागे एक. रक्तस्राव आणि श्वासाच्या वाटेच्या अडचणी ही त्यातली मुख्य कारणे.

ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या २०११ च्या देशव्यापी पाहणीतही हेच पुढे आले. आयसीयूत श्वासाच्या वाटेबाबत ज्या गंभीर घटना घडल्या, त्यांत ट्रॅकिओस्टॉमीची नळी जागेवरून सरकणे हे सर्वांत मोठे कारण होते. अनेक घटना रुग्णाला कुशीवर वळवताना किंवा हलवताना झालेल्या होत्या.

* पहिले ७ ते १० दिवस : छिद्राचा मार्ग अजून पक्का झालेला नसतो. नळी निसटली तर तो मिटतो आणि घाईने ढकललेली नळी श्वासनलिकेऐवजी बाजूच्या मांसात जाऊ शकते. म्हणून या काळात नळीला, पट्टीला, दोरीला नातेवाइकांनी हात लावू नये. भेटायला गेल्यावर "पट्टी घट्ट वाटतेय" म्हणून सैल करू नका, नर्सला सांगा.
* नळी बंद होणे : कफ सुकून खपली धरते आणि नळी बुजते. हा धोका आयसीयूतही असतो आणि घरीही.
* रक्तस्राव : पहिल्या एक-दोन दिवसांत थोडे रक्त लागणे चालते. पण काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी अचानक ताजे लाल रक्त आले, भले ते चमचाभर असो आणि आपोआप थांबलेले असो, ताबडतोब रुग्णालयात न्या. क्वचित शेजारची मोठी रक्तवाहिनी झिजलेली असते आणि हा तिचा पहिला इशारा असतो.
* उशिरा होणारे अरुंदीकरण : श्वासनलिकेत व्रण धरून ती आकसते. तोंडातल्या नळीमुळेही हे होऊ शकते. नळी निघून काही आठवडे-महिने झाल्यावर दम लागतो, श्वास घेताना घर्र असा आवाज येतो. हा दमा समजून पंप दिला जातो आणि महिने वाया जातात. अशा वेळी कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी "अपघातात व्हेंटिलेटरवर होतो" हे आधी सांगा.

सही करण्यापूर्वी हे विचारा

1. आमच्या रुग्णाला ही नळी कशासाठी हवी आहे : व्हेंटिलेटर लांबणार म्हणून, की कफ सांभाळण्यासाठी?
2. मानेच्या मणक्याची तपासणी झाली आहे का?
3. कोणत्या पद्धतीने आणि कोण करणार?
4. रक्त गोठण्याच्या तपासण्या ठीक आहेत का? रक्त पातळ करणारे औषध थांबवले आहे का?
5. रात्री नळी निसटली किंवा बंद झाली तर ती सांभाळणारे डॉक्टर आयसीयूत हजर असतात का?
6. नळी काढण्याची शक्यता किती आणि साधारण कधी?

पाचवा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच सहसा विचारला जात नाही.

घरी आणताना आणि आणल्यावर

काही वर्षांपूर्वी एक तरुण माझ्या दवाखान्यात निळा पडलेल्या अवस्थेत आला. त्याला डिस्चार्ज होऊन चार दिवस झाले होते. गळ्यात धातूची नळी होती. या नळीत आत आणखी एक नळी असते आणि ती काढून धुवायची असते, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. आतली नळी बाहेर काढली, ती वाळलेल्या कफाने गच्च भरलेली होती. दोन मिनिटांत त्याचा रंग परत आला. त्याची आई बाजूला उभी राहून म्हणत होती, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो." कदाचित सांगितले असेल, पण डिस्चार्जच्या गडबडीत ऐकले गेले नसेल. घरच्या किमान दोन माणसांनी नर्ससमोर स्वतःच्या हाताने सगळे करून दाखवल्याशिवाय रुग्णाला घरी आणू नका.

* आतली नळी दिवसातून किमान दोन-तीन वेळा, कफ जास्त असेल तर आणखी वेळा, काढून स्वच्छ करा. धातूची नळी उकळता येते. प्लास्टिकची उकळू नका, रुग्णालयाने सांगितले तसे धुवा.
* हात साबणाने धुऊनच सक्शन करा. नळी आत घालताना दाब देऊ नका, बाहेर काढताना द्या. एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त ओढू नका.
* वीज जाते हे गृहीत धरा. पायाने किंवा हाताने चालणारे सक्शन यंत्र मिळते, ते जवळ ठेवा.
* नाकातून जाणारी हवा ओली आणि उबदार होते. नळीतून जाणारी होत नाही. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली वाफ किंवा नेब्युलायझर चुकवू नका. छिद्रावर मलमलचा ओलसर पातळ रुमाल सैल ठेवा. कापूस वापरू नका, त्याचे तंतू आत जातात.
* चुलीचा धूर, मळणीची धूळ, पाचट जाळल्याचा धूर, विडी-सिगारेट यांपासून रुग्णाला दूर ठेवा.
* अंघोळ घालताना गळ्यावर पाणी जाऊ देऊ नका. विहिरीत, कालव्यात उतरणे पूर्ण बंद.
* गळ्याच्या पट्टीखाली एक बोट जाईल इतकीच ती सैल असावी.
* त्याच मापाची एक आणि एक माप लहान, अशा दोन जादा नळ्या कायम उशाशी ठेवा. नळीचे माप कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

अचानक श्वास अडकला तर

1. १०८ ला फोन करायला एकाला सांगा. तुम्ही रुग्णाजवळच थांबा.
2. आतली नळी लगेच बाहेर काढा.
3. सक्शन करा.
4. तरीही श्वास चालत नसेल, तर फुगा असल्यास तो रिकामा करा.
5. नळी पूर्ण बुजलेली असेल तर ती आत ठेवून उपयोग नाही. ती काढा. मार्ग जुना आणि पक्का असेल, तुम्हाला शिकवलेले असेल तर जादा नळी बसवा. जमले नाही तर ढकलाढकली करू नका. अपघाताच्या बहुतेक रुग्णांची वरची वाट शाबूत असते. छिद्रावर स्वच्छ कापड दाबून तोंडा-नाकातून श्वास देता येतो.

पाचवी पायरी वाचून शिकायची नाही. डिस्चार्जपूर्वी ती डॉक्टरांकडून समजून घ्या.

नळी कधी निघते? बोलता-जेवता येते का?

रुग्ण शुद्धीवर असेल, स्वतः जोरात खोकत असेल, गिळता येत असेल आणि नळी काही काळ बंद ठेवूनही श्वास नीट चालत असेल, तर ती काढतात. छिद्र बहुधा काही दिवसांत आपोआप मिटते. नळी असताना आवाज येत नाही, कारण हवा स्वरयंत्रातून जात नाही. फुगा रिकामा करून नळीवर बोलण्याची झडप बसवली की अनेकांना बोलता येते. फुगा फुगलेला असताना मात्र ही झडप किंवा झाकण कधीही लावू नका. श्वास बाहेर पडायला वाटच राहत नाही. जेवण तोंडाने सुरू करण्याआधी गिळण्याची तपासणी करून घ्या. "एक घास खाऊन पाहू दे" या मायेपोटी झालेला न्यूमोनिया मी पाहिला आहे.

खर्चाचे काय?

रुग्ण दाखल होताच महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. रस्ते अपघातासाठी केंद्र सरकारची २०२५ ची कॅशलेस योजना आहे, तिच्यात १.५ लाख रुपयांपर्यंत, अपघातापासून जास्तीत जास्त ७ दिवसांचा उपचार बसतो. ट्रॅकिओस्टॉमीचा प्रश्न बहुधा त्यानंतरच येतो. म्हणून कागदपत्रे पहिल्या दिवसापासून जमवा, आठव्या दिवसाची वाट पाहू नका.

फोनवर मी शेवटी एवढेच सांगतो : वरचे सहा प्रश्न विचारा, उत्तरे पटली तर सही करा. आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मला पुन्हा फोन करा. नळीचे माप काय आणि आतली नळी कोण धुणार, हे मला तेव्हा ऐकायचे असते.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या रुग्णाबाबतचा निर्णय त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.*